मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन रामशेज: पहिल्यांदा किल्ला चढणाऱ्या कुटुंबांसाठी

नाशिकला नव्याने राहायला आलेली मंडळी पहिल्याच हिवाळ्यात विचारतात, "लहान मुलं घेऊन कुठल्या किल्ल्यावर जाता येईल?" मोबाईलवर शोधलं की हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांचे फोटो समोर येतात आणि तिथंच जायची हौस वाटते. हरिहर सुंदर आहे, पण सहा वर्षांच्या मुलासाठी आणि पासष्टीच्या आजीसाठी तो नाही. साल्हेर तर महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. त्याला अख्खा दिवस आणि सरावलेले पाय लागतात. घरच्या सगळ्यांनी मिळून पहिला किल्ला करायचा असेल तर मी डोळे झाकून रामशेज सांगते.

शहरापासून पेठ रस्त्याने साधारण १४ किलोमीटर. पायथ्याला दिंडोरी तालुक्यातलं आशेवाडी गाव. वाटेवर बऱ्याच भागात पायऱ्या आहेत आणि रमतगमत गेलं तरी पाऊण-एक तासात माथा येतो. नातेवाईक, शेजारी, मुलांच्या मित्रमैत्रिणींची घरं अशा सगळ्यांना मी इथं घेऊन जात असते. जी माणसं दमून, वैतागून खाली येतात त्यांचं बहुतेक वेळा चढावर बिनसलेलं नसतं. ती उन्हात सापडलेली असतात. रामशेज हा उघडा डोंगर आहे. पावसाळा सरला की गवत वाळतं, कातळ तापतो आणि डोकं टेकायला झाडाची सावली सहज मिळत नाही. म्हणून या लेखात वाटेपेक्षा वेळेबद्दल आणि पाण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

१. आधी महिना ठरवा, मग वार

दसऱ्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ कुटुंबासाठी सर्वांत चांगला. नोव्हेंबरात गवत सोनेरी होतं, हवा स्वच्छ असते आणि लांबच्या रांगा दिसतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते. नाशिकचा पारा १० अंशांच्या खाली सहज जातो, निफाडकडे तर त्याहून खाली. मुलांना स्वेटर घाला, पण तो वरून चढवलेला असू द्या. दहा मिनिटं चढल्यावर तो काढायची वेळ येतेच.

मार्च लागला की गणित बदलतं. एप्रिल-मे महिन्यांत पाहुणे येतात, मुलांना सुट्टी असते, घरात कंटाळा आलेला असतो आणि नेमकं तेव्हाच रामशेजचं नाव निघतं. त्या दिवसांत दहा वर्षांखालची मुलं आणि म्हातारी माणसं नेऊ नका असंच मी सांगेन. मोठ्यांना जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत गाडीपाशी परत यायला हवं. "संध्याकाळी जाऊ, ऊन उतरलेलं असेल," हा विचार मोहात पाडतो. पण दिवसभर तापलेला कातळ संध्याकाळीही धग सोडत असतो आणि उतरताना अंधार गाठतो.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेरडा आणि सोनकी फुलते. तेव्हा जायचं तर आदल्या दिवशी पाऊस न झालेला दिवस पाहा, कारण ओल्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. मृगाच्या आणि परतीच्या पावसात विजा असतात. आभाळ गडगडायला लागलं तर माथा गाठायचा हट्ट सोडून खाली वळायचं.

वाराचं म्हणाल तर रविवारपेक्षा शनिवार बरा. रामनवमीला भाविकांची गर्दी असते. दर्शनासाठी जायचं असेल तर जरूर जा, मुलांना किल्ला दाखवायला मात्र दुसरा दिवस निवडा.

२. कोण कुठवर येणार, हे घरीच ठरवा

रामशेजची चढाई मनात तीन टप्प्यांत धरा: गावापासून राममंदिर, मंदिरापासून माथा, आणि माथ्यावरून फिरत भवानीमातेच्या मंदिरापर्यंत. प्रत्येकाने तिन्ही टप्पे करायलाच हवेत असं नाही. राममंदिरापर्यंत जाऊन, दर्शन घेऊन, तासभर बसून खाली येणं ही पूर्ण सहल आहे. माझ्या सासूबाई तिथंच थांबतात. जपमाळ काढतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करतात आणि आम्ही माथ्यावरून उतरेपर्यंत मजेत असतात. हे आधी ठरलेलं असलं की वाटेत कोणाला कमीपणा वाटत नाही. नाहीतर "आले असते वर, पण तुम्हाला उशीर नको" अशी ओढाताण सुरू होते आणि दुखऱ्या गुडघ्याचं माणूस भिडेखातर चढत राहतं.

थांबणाऱ्या माणसासोबत एक जण राहिलाच पाहिजे. त्यांच्याजवळ पाणी, खाऊ आणि चार्ज केलेला फोन असू द्या.

घरच्या मोठ्यांना झेपेल का, याची शंका असेल तर आधी एखाद्या सकाळी पांडवलेण्यांवर जाऊन या. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर जेमतेम दोनेकशे पायऱ्या आहेत आणि वाटेत सावलीही मिळते. बोलत बोलत त्या चढता आल्या, वर पोहोचल्यावर दोन-चार मिनिटांत श्वास जागेवर आला आणि दुसऱ्या दिवशी गुडघे कुरकुरले नाहीत, तर रामशेजचं राममंदिर झेपेल. शिवाय तिथली २४ लेणी बघून होतात. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तो मुलांना नक्की दाखवा.

हृदयाचा त्रास, दमा किंवा न आटोक्यातला रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा. मधुमेह असलेल्यांनी उपाशीपोटी चढू नये आणि खिशात साखर किंवा गोळ्या ठेवाव्यात.

अगदी तान्ह्या बाळांना छातीशी बांधायच्या कॅरिअरमध्ये नेता येतं, पण बाळ धरणाऱ्याच्या दोन्ही हातांत दुसरं काहीही नको. मुलाला खांद्यावर बसवून पायऱ्या उतरणारे बाबा अनेकदा दिसतात. तसं अजिबात करू नका. खांद्यावरचं मूल हललं की तोल जातो आणि स्वतःच्या पायाखालची पायरीही नीट दिसत नाही.

३. आदल्या रात्री भरायचं सामान

- पाणी: मोठ्या माणसाला दोन लिटर, मुलाला एक लिटर. एक जादा कॅन गाडीत.
- ओआरएसची पाकिटं. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.
- टोपी किंवा उपरणं-ओढणी, प्रत्येकाला.
- मागे पट्टा असलेले किंवा लेसचे, तळवा घट्ट धरणारे बूट. गुळगुळीत झालेले जुने स्पोर्ट्स शूज सर्वांत वाईट.
- पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पूर्ण लांबीची पँट. वाळल्या गवतातले कुसळ पायाला फार टोचतात.
- टॉर्च, शिट्टी, एक मोठा रुमाल.
- पट्ट्या, कापूस, जंतुनाशक, क्रेप बँडेज, रोजची औषधं.
- आजी-आजोबांसाठी काठी. रबरी टोक झिजलेलं असेल तर बदलून घ्या.
- कचऱ्यासाठी रिकामी पिशवी.
- कागदपत्रं: एक ओळखपत्र, गाडी चालवणाऱ्याचा परवाना, मोठ्यांच्या औषधांची यादी. लहान मुलाच्या खिशात आईबाबांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी.
- सुट्टे पैसे.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण फसगत इथंच होते. "वर टाकी आहेत ना," असं म्हणून माणसं एक बाटली घेऊन निघतात. किल्ल्यावर कातळात कोरलेली टाकी आहेत हे खरं, पण त्यातलं पाणी कधी हिरवं, कधी पालापाचोळ्याने भरलेलं असतं. ते बघायचं, प्यायचं नाही. थंडीत तहान लागत नाही म्हणूनही लोक पाणी कमी नेतात. तहान नसली तरी दर वीस मिनिटांनी सगळ्यांना दोन-दोन घोट पाजायचे. मुलं खेळण्याच्या नादात मागत नाहीत, आणि म्हातारी माणसं वर लघवीची सोय नाही म्हणून मुद्दाम कमी पितात. दुसरं तर फारच धोक्याचं. निघण्यापूर्वी आणि गावात शिरण्याआधी सोय बघून घ्या, म्हणजे त्यांना पाणी टाळावं लागणार नाही.

खायला धपाटे, मेथीचे पराठे, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, काकडी, मोसंबी. जानेवारीनंतर जात असाल तर द्राक्षं. दिंडोरीच्याच तालुक्यात उभे आहोत म्हटल्यावर ती हवीतच. चिवडा-वेफर्स खाली गाडीत ठेवा. खारट खाल्लं की पाणी लवकर संपतं.

४. निघायची वेळ आणि रस्ता

हिवाळ्यात सव्वासहापर्यंत घर सोडा, म्हणजे सात-सव्वासातला, उजाडल्यावर चढायला लागता येतं. त्याआधी अंधारात चढू नका. नाशिकच्या आसपास बिबट्याचा वावर आहे हे पेपर वाचणाऱ्या कोणालाही सांगायला नको. उजेडात आणि घोळक्याने चालणाऱ्या माणसांना सहसा त्रास होत नाही. मुलं मात्र एकटी पुढे पळालेली किंवा मागे रेंगाळलेली नसावीत.

सात-सव्वासातला सुरुवात केली की आठच्या आत मंदिर, नऊच्या आत माथा, आणि अकराच्या आत गाडी. या वेळा घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. साडेनऊ वाजले की जिथं असू तिथून मागे फिरायचं, असा आमचा नियम आहे. मुलांनाही तो तोंडपाठ आहे.

रस्ता सोपा आहे. पंचवटीतून पेठ रस्ता धरायचा. तालुका दिंडोरी आहे म्हणून काही जण दिंडोरी रस्त्याला लागतात आणि मग विचारत विचारत वळसा घालून येतात. पेठ रस्ताच सरळ पडतो. नाशिक मागे पडलं की समोर रामशेजचा लांबट माथा दिसायला लागतो, तो नजरेआड होऊ द्यायचा नाही. आशेवाडीच्या फाट्याला वळून गावात.

गाडी नसेल तर पेठकडे जाणाऱ्या एसटीने या आणि कंडक्टरला आशेवाडी फाट्याला उतरवायला सांगा. फाट्यापासून गावापर्यंत थोडं चालावं लागतं. परतीची गाडी किती वाजता, हे जातानाच विचारून घ्या.

५. गावात

गाडी कोणाच्या दारात, शेताच्या बांधावर किंवा बैलगाडी-ट्रॅक्टरच्या वाटेत लावू नका. विचारलं की लोक जागा दाखवतात. त्याच वेळी दोन प्रश्न विचारून घ्या: वाट सध्या कशी आहे, आणि वर कुठे आग्या मोहोळ लागलं आहे का? ही माहिती फोनवर मिळत नाही, ती रोज गुरं चारायला जाणाऱ्या दादांकडेच असते. स्पीकर लावू नका. गाव सकाळच्या कामात असतं.

६. गाव ते राममंदिर

चालायची रीत एकच: सर्वांत सावकाश चालणारं माणूस पुढे, त्याच्या चालीने बाकीचे मागे, आणि शेवटी एक जाणतं माणूस. उलटं केलं की पुढचे वाट बघत विश्रांती घेतात आणि दमलेलं माणूस पोहोचताच पुन्हा उठून चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज आहे त्यालाच ती मिळत नाही.

पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. काही ठिकाणी बांधलेल्या, काही ठिकाणी नुसता दगड. लहान मुलांचे पाय आखूड, त्यांना उंच पायरीवर हात द्या, ओढू नका. चढताना मुलांचं लक्ष कड्याकडे वेधा. रामशेजचा कातळ आडव्या थरांचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे पूर येत गेले, एकावर एक थिजत गेले, त्याचे हे थर. दोन थरांमधला मऊ, तांबूस-मातकट पट्टा मुलांना शोधायला लावा. दिसला की पुढची दहा मिनिटं कोणी "अजून किती?" विचारत नाही. दगड फोडून स्फटिक काढायचा नाद मात्र लावू नका. ते पाहायला सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे.

राममंदिराशी पोहोचलात की पादत्राणं काढा, दर्शन घ्या, बसा. वनवासात असताना प्रभू रामचंद्रांनी इथं विश्रांती घेतली, इथं त्यांची शेज होती, म्हणून हा रामशेज, अशी श्रद्धा आहे. पंचवटी इतकी जवळ असताना ही कथा इथल्या माणसांच्या मनात किती घट्ट आहे हे मंदिरात बसलं की कळतं. बाजूला पाण्याचं टाकं आहे. मुलांना त्याच्या काठावर वाकू देऊ नका.

इथं दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि प्रत्येकाचा चेहरा नीट बघा. लालबुंद झालेलं मूल, घाम यायचा थांबलेले आजोबा, चक्कर येतेय म्हणणारी वहिनी, यांपैकी काहीही दिसलं तर त्या माणसाची सहल इथंच पूर्ण झाली.

७. मंदिर ते माथा

इथून पायऱ्या दरवाजाच्या अवशेषांकडे चढतात. उजेड-वारा अंगावर यायला लागतो, मुलांना हुरूप येतो आणि ती पळायला लागतात. इथंच हात धरायचा. मोठ्या माणसाने नेहमी दरीच्या बाजूने चालायचं, मूल डोंगराच्या बाजूला.

माथा लांबट आणि बराचसा सपाट आहे. जोत्यांचे अवशेष, कातळातली टाकी, कड्यालगत दडलेला चोरदरवाजा आणि भवानीमातेचं मंदिर, असं सगळं पाहत पाहत फिरायला तास पुरतो. दोन ठिकाणी खबरदारी घ्या. टाक्यांभोवती कठडे नाहीत असं धरूनच चाला. गवत वाढलेलं असलं तर टाक्याची कड पायाशी येईपर्यंत दिसत नाही. आणि चोरदरवाजात मुलांना पहिल्यांदा सोडू नका. आधी मोठ्याने टॉर्च टाकून बघायचं, काठीने आवाज करायचा, मग एकेकाने वाकून जायचं. अशा गार, अंधाऱ्या जागी साप विसाव्याला असतात.

फोटो कड्याकडे पाठ करून, मागे सरकत काढायचे नाहीत. कड्यापासून दोन मोठ्या माणसांच्या लांबीइतकं अंतर ठेवा.

वरून देहेरगड आणि भोरगड जवळच दिसतात. भोरगडावर हवाई दलाचा रडार तळ आहे, माथ्यावर जायला मनाई आहे. त्याच्या भोवतालचं जंगल २००८ साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. एकेकाळी उघडा पडलेला हा भाग नाशिककरांनी आणि वनखात्याने मिळून पुन्हा हिरवा केला, आणि त्याचा मला फार अभिमान वाटतो. हवा स्वच्छ असेल तर अंजनेरी-ब्रह्मगिरीची रांग ओळखता येते.

८. वर बसून मुलांना हे सांगा

खाऊचे डबे उघडले की गोष्ट सुरू करायची. जागा अशी निवडा की मुलांना खालचं मैदान दिसेल, कारण गोष्ट त्या मैदानातली आहे.

१६८२ साल. औरंगजेब प्रचंड फौज घेऊन दख्खनेत उतरलेला. छत्रपती संभाजी महाराजांच्या ताब्यातला हा लहानसा किल्ला घ्यायला त्याने शहाबुद्दीन खानाला पाठवलं. खाली वेढा पडला. तोफा लागल्या, सुरुंग खणले गेले, आणि किल्ल्यावर मारा करायला लाकडाचा उंच दमदमा, म्हणजे बुरूज, उभारला गेला. वर मावळे थोडे, आणि लोखंडी तोफा नाहीत. मग त्यांनी लाकडाच्या तोफा केल्या आणि चामड्याची मदत घेऊन त्या डागल्या. हे आपल्या बाजूच्या कोणी नाही, खाफीखान या मोगल इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. इथं मुलांना विचारा, लाकडाची तोफ फुटणार कशी नाही? उत्तर देता देता ती स्वतःच वेढ्याच्या आत जाऊन बसतात.

महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना मदतीला धाडलं. शहाबुद्दीन खान हात हलवत गेला आणि बहादूरखान आला. त्याने युक्ती केली. एका बाजूने तोफा, नगारे, आरडाओरडा करून हल्ल्याचा देखावा करायचा आणि दुसऱ्या बाजूने निवडक माणसं दोरांनी कडा चढवायची. वरच्यांनी ते ओळखलं. एका बाजूला त्यांनीही तितकाच गलका केला आणि दुसऱ्या बाजूला गप्प दबा धरून बसले. पहिली डोकी कड्यावर दिसताच वार झाले आणि दोर तोडले गेले. माथ्यावर उभं राहून मुलांना विचारा, दोर कुठल्या बाजूने टाकले असतील? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं आणि प्रत्येक जण ते हिरिरीने पटवून देतो.

शेवटी एक मांत्रिक आला. त्याने शंभर तोळ्यांचा सोन्याचा साप करून मागितला, तो हातात धरून फौजेच्या पुढे चालू लागला, आणि किल्ल्यावरून आलेला गोफणीचा दगड छातीत बसून कोसळला. ही हकीकतही खाफीखानाचीच. बहादूरखानाने दमदमा जाळला आणि वेढा उठवला.

रामशेज पाच वर्षांहून अधिक काळ मोगलांना मिळाला नाही. पडला तो लाच देऊन. मुलं इथं हळहळतात. हळहळू द्या.

९. ऊन, मोहोळ, साप

उन्हाचा त्रास हळूच येतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, चिडचिड, पाय जड होणं. मूल नेहमीपेक्षा गप्प झालं तरी ते लक्षण समजा. ताबडतोब मिळेल त्या सावलीत बसवा, कपडे सैल करा, ओला रुमाल मानेवर आणि काखेत ठेवा, ओआरएस घोट-घोट पाजा. माणूस असंबद्ध बोलायला लागलं किंवा शुद्ध हरपू लागली तर तोंडाने काही न देता अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. ११२ हा नंबरही सर्वांच्या फोनमध्ये असावा.

मोहोळाचं पथ्य साधं आहे: अत्तर-सेंट लावून यायचं नाही, वर धूर करायचा नाही, सिगारेट नाही, दगड मारायचा नाही. माश्या उठल्याच तर झटापट न करता ओढणी-उपरण्याने तोंड-मान झाका आणि कड्यापासून लांब राहत वाटेने खाली सरका.

साप चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला चालवू नका. चावलेला भाग हलू न देता उचलून खाली आणा आणि थेट जिल्हा रुग्णालयात न्या. सापाचा फोटो काढण्यासाठी त्याच्या मागे जाऊ नका.

१०. उतरताना

चढताना सगळे सावध असतात. पाय मुरगळतात ते उतरताना, कारण पोट भरलेलं असतं, गप्पा रंगलेल्या असतात आणि पायरीवरची बारीक खडी दिसत नाही. वाळलेल्या दिवसांत ही खडीच सर्वांत त्रासदायक. पाय टाकला की ती गोल फिरते. मुलांना शिकवा: नुसती टाच न टेकवता पूर्ण तळवा टाकायचा, गुडघा किंचित वाकवायचा, आणि पुढचा पाय स्थिर झाल्यावरच मागचा उचलायचा. उंच पायरीवर सरळ बसून उतरलं तरी चालतं. पँट मळते, ती धुता येते.

मोठ्यांच्या पुढे एक पायरी खाली, तिरकं उभं राहून चाला, म्हणजे त्यांना तुमच्या खांद्यावर हात ठेवता येतो. काठी नेहमी आधी खालच्या पायरीवर, मग पाय. दुखऱ्या गुडघ्याचा पाय आधी खाली टाकायचा, चांगला पाय मागून.

उतरताना पळायचं नाही, हा नियम सगळ्यांना सारखाच लागू. कॉलेजातली मुलं शेजारून धडाधड पळत उतरतात, त्यांना बघून आपली मुलंही उसळतात. वाट सोडून कडेला थांबा, त्यांना जाऊ द्या, मग निघा.

राममंदिराशी थांबलेल्या मंडळींना घेऊन पुन्हा पाणी प्या. कचऱ्याची पिशवी इथं एकदा तपासा. स्वतःचा कचरा तर त्यात हवाच, पण मुलांना वाटेतल्या चार बाटल्या उचलायला सांगितल्या तर ती हौसेने उचलतात.

११. नंतर

गाडीपाशी बूट झाडा, मोज्यांतली कुसळं काढा, मुलांच्या पायांवर काही चावल्याची खूण नाही ना ते बघा. घरी गेल्यावर मोठ्यांच्या गुडघ्यांना शेक आणि दुपारी झोप. भूक सपाटून लागते. मिसळीची वेळही नेमकी तीच असते.

मुलांना रामशेज आवडला तर पुढची पायरी अंजनेरी, पण तो चढ बराच मोठा आहे. आधी महिनाभर आठवड्यातून दोनदा जिने चढायचा सराव करा. म्हसरूळची चामर लेणी मध्येच करता येतील. आणि घरातल्या ज्यांचे गुडघे पायऱ्यांना तयार नाहीत, त्यांच्यासाठी हिवाळ्यातच नांदूरमध्यमेश्वरला जा. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेलं हे पाणथळ सगळं सपाट आहे, पक्षी भरपूर आहेत, आणि तिथं आजी-आजोबांना कोणाची वाट बघत थांबावं लागत नाही. दुर्बीण मात्र घेऊन जा.